केजाबाईनं गिळलेल्या गोळ्या

भिलाईतल्या मरोद्याच्या आमच्या वस्तीतल्या काही म्हाताऱ्या मला अजून ‘रक्तवाली’ म्हणतात. नेमणुकीच्या कागदावर माझं पद ‘क्षेत्र अन्वेषक’ असं होतं. ते मला स्वतःलाच कधी नीट उच्चारता आलं नाही. माझी आई शेजारणींना सांगायची, “पोरगी दवाखान्याच्या कामाले जाते.” त्यामुळे निम्म्या वस्तीला मी नर्स वाटायची आणि उरलेल्या निम्म्या वस्तीला डॉक्टरीण. मी दोन्हीपैकी काहीच नव्हते. होम सायन्सची पदवी घेतलेली, पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमधल्या फिटरची मुलगी होते, आणि एका वैद्यकीय कॉलेजच्या संशोधन विभागासाठी गावोगाव फिरून लोक काय खातात, कोणती औषधं घेतात आणि त्यांच्या रक्तात काय आहे, हे लिहून आणायची. छत्तीसगढ तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. ऐंशीच्या आसपास मी कामाला लागले.

या कामात डोक्यापेक्षा चिकाटी जास्त लागते. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं, हा आमचा मुख्य प्रश्न. तो ऐकायला सोपा वाटतो. खेड्यातली बाई उत्तर द्यायची, “भात.” भातासोबत काय? “भात.” मग तिच्या चुलीपुढे बसून, भांडी उघडून, वाटीनं मोजून घ्यावं लागे, तेव्हा कळे की भातासोबत चेच नावाची पालेभाजी होती, पण भाजीला ती खाणं समजतच नव्हती. उलट स्मृती नगरातल्या एका साहेबांच्या बायकोनं मला काल खाल्लेल्या चौदा पदार्थांची यादी दिली होती. मी निघाले तेव्हा त्यांची स्वयंपाकीण फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, “ते दिवाळीतलं सांगून राहिल्या बाई. काल तं खिचडी होती.”

म्हणजे लोक खोटं बोलतात हे आम्ही गृहीत धरायचो. प्रशिक्षणातच ते शिकवलं होतं: सांगितलेलं लिहा, पण पाहिल्याशिवाय मानू नका. हे शिक्षण मी फार मनावर घेतलं. त्यातूनच माझ्या हातून जी चूक झाली, ती आज लिहिते आहे. जिच्या बाबतीत झाली त्या बाईचं नाव केजाबाई. आमच्या अभ्यासात नावं लिहीत नाहीत, नंबर असतो. तिचा नंबर सत्तेचाळीस होता. पण हा लेख लिहू का म्हणून मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “मोर नाव लिखबे.” म्हणून नाव लिहिते.

अभ्यास गरोदर बायकांवरचा होता. त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या तर किती दिवसांत रक्त किती वाढतं, आणि नाही वाढलं तर का, एवढाच प्रश्न. प्रमुख होत्या डॉ. वझलवार मॅडम. मूळच्या नागपूरच्या, उंच, किरकोळ, आणि आवाज इतका बारीक की जीपमध्ये त्यांचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागे. उतईच्या पुढची काही गावं माझ्याकडे होती. दर पंधरा दिवसांनी मी प्रत्येक गावी जायची, बायकांना गोळ्यांची पुडी द्यायची, जुनी पुडी परत घ्यायची, उरलेल्या गोळ्या मोजायची, आणि बोटाला टोचून रक्त बघायची.

रक्त बघायची आमची रीत सांगते, कारण आता ती कोणी वापरत नाही. काचेच्या बारीक नळीनं थेंबभर रक्त ओढायचं आणि दुसऱ्या नळीतल्या आम्लात सोडायचं. ते तपकिरी होतं. मग थेंब थेंब पाणी घालत राहायचं, बाजूच्या काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत. जुळलं की नळीवरचा आकडा वाचायचा. सगळं डोळ्यांवर. ढगाळ दिवशी एक आकडा येई, उन्हात दुसरा. म्हणून मॅडमचा नियम होता की प्रत्येक रक्त दोनदा बघायचं, आणि ते नेहमी झाडाच्या सावलीतच.

केजाबाई तेव्हा चोविशी-पंचविशीची असेल. पाचवा महिना चालू होता. अंगानं वाळकी, पण चालणं ताठ. नवरा बिसाहू शेतमजूर, फारसा बोलायचा नाही, पण मी आले की माझ्यासाठी खाट उन्हातून सावलीत ओढून द्यायचा. पहिल्यांदा टोचलं तेव्हा तिचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, साडेसहा निघालं. एवढ्या कमी रक्तात लोक उभे राहतात याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांनी गेले, पुडी रिकामी. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, म्हणून तेही विचारायचो. काळं होतं म्हणाली. रक्त साडेसहा. आणखी पंधरा दिवस, पुडी रिकामी, रक्त सहा.

गावातल्या बाकीच्या बायकांचं रक्त हळूहळू का होईना, चढत होतं. एकटीचंच उतरत होतं. माझ्या मते याला एकच कारण असू शकत होतं. त्याच गावात एका बाईनं सगळ्या गोळ्या म्हशीला चारल्याचं मी नुकतंच पकडलं होतं. दुसरी एक बाई त्या तुळशीच्या मुळाशी पुरायची, कारण त्या खाल्ल्या की पोर फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, असं तिच्या सासूनं सांगितलं होतं. मला वाटलं, ही त्यांच्यातलीच.

तिच्या अंगणात चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यांच्या देखत मी तिला म्हणाले, “केजाबाई, गोळ्या खाल्ल्या असत्या तर रक्त वाढलं असतं. तू फेकून देतेस आणि मला रिकामी पुडी दाखवतेस.” हे मी हिंदीत म्हणाले. बायका हसल्या. एक म्हणाली, “हिचं घर लबाडच आहे.”

केजाबाई हसली नाही, चिडलीही नाही. तिच्या डोळ्यांत मी नीट पाहिलं असतं तर मला तिथेच उत्तर दिसलं असतं, पण मी नळी धूत होते. ती म्हणाली, “मैं लबारी नइ मारंव, नोनी. तैं रोज आ. तोर आघू म खाहूं.” मी खोटं बोलत नाही पोरी, तू रोज ये, तुझ्यासमोर खाते.

मी म्हणाले, “मला हेच एक काम आहे का?” आणि वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘गोळ्या घेत नाही. खोटं सांगते.’

पुढचे पंधरा दिवस मला ताप होता. मी गेलेच नाही. त्यानंतर जीप बिघडली. महिन्यानंतर गावात गेले, तेव्हा केजाबाई अंगणात वाट पाहत बसली होती. तिनं पदराच्या गाठीतून एक कागद काढला. शाळेच्या वहीचा, चौपदरी घडी घातलेला. त्यावर उतईच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईंच्या सह्या होत्या. रोजची एक. एकही दिवस सुटलेला नव्हता.

झालं असं होतं की मी निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोळ्यांची पुडी घेऊन उतईला चालत गेली. दीड-दोन कोसांचं अंतर. नर्सबाईंना म्हणाली, मी तुमच्यासमोर गोळी गिळते, तुम्ही लिहून द्या. नर्सबाईंनी हसून सही केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. पुडी संपल्यावर नर्सबाई केंद्रातली गोळी देऊ लागल्या. सहा-सात महिन्यांचं पोट घेऊन, अंगात सहा रक्त असताना, ती महिनाभर रोज जाऊन येऊन तीन-चार कोस चालली, ती फक्त मला दाखवायला की तिनं गोळी गिळली.

मी रक्त पाहिलं. दोनदा पाहिलं, सावलीत पाहिलं. पावणेसहा होतं.

त्या दिवशी मी परतीच्या बसमध्ये बसले तेव्हा तो कागद माझ्या पिशवीत होता. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या टेबलावर कागद आणि वही दोन्ही ठेवलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी आधी सह्या वाचल्या, मग माझा शेरा वाचला.

“सुनंदा,” त्या म्हणाल्या, “जे आपण करायला हवं होतं ते या बाईनं केलंय. आपल्याला शंका होती तर ती आपण तपासायची. आपण ती लिहून टाकली.”

मी खोडरबर शोधू लागले. त्यांनी वही ओढून घेतली. “खोडायचं नाही. एक रेघ मार, मधोमध, खालचं वाचता येईल अशी. बाजूला खरं काय ते लिही. सही कर, तारीख घाल. आपण चुकलो हे पुढच्याला दिसलं पाहिजे.” मी रेघ मारली. आयुष्यात मी पुष्कळ सह्या केल्या, तेवढी जड सही दुसरी नाही.

मग त्यांनी विचारलं, “तिचे डोळे कसे आहेत?”

मला आठवेना. मी तिचं बोट चार वेळा पाहिलं होतं, डोळे एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः गावात आल्या. अंगणात सगळ्या बायकांसमोर त्या केजाबाईपुढे उभ्या राहिल्या आणि आपल्या मोडक्या छत्तीसगढीत म्हणाल्या, “गलती हमर रिहिस, तोर नइ.” माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पण आता माझी पाळी आहे हे मला कळलं. मी काहीतरी पुटपुटले. केजाबाई म्हणाली, “बइठ. बासी खाबे?” आणि रात्रीच्या भातात पाणी घातलेली बासी, वर कांदा ठेवून, तिनं माझ्यापुढे आणली. मी खाल्ली. इतकी लाज वाटत असताना मी दुसरं काही कधी खाल्लेलं नाही.

मॅडमनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. डोळे पिवळसर होते. मग विचारत गेल्या. हाडं दुखतात का? दुखतात, रोपा लावायच्या दिवसांत तर अंगाचं लाकूड होतं. लहानपणापासून? लहानपणापासून. घरात आणखी कोणाचं? एक बहीण होती, ती अशीच दुखून दुखून गेली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मायक्रोस्कोप काढ.”

पेटी आम्ही शाळेच्या ओसरीवर मांडली. ही तपासणी तोवर मी फक्त पुस्तकात वाचली होती. काचेवर रक्ताचा थेंब, त्यावर एका रसायनाचा थेंब, वर पातळ काच, कडांना व्हॅसलीन, म्हणजे हवा आत जाणार नाही. मग थांबायचं. चांगल्या रक्तातल्या पेशी बांगडीसारख्या गोल राहतात. ज्यांच्या रक्तात जन्मापासूनचा एक दोष असतो त्यांच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. रसायन शिळं असलं तर निकाल चुकतो, म्हणून शेजारी एका निरोगी माणसाच्या रक्ताची काच ठेवायची. ती गोल दिसली तर तपासणी बरोबर.

“तुझं बोट दे,” मॅडम म्हणाल्या. मी दिलं. त्या ओसरीवर सगळ्यांत निरोगी मीच होते. गालांवर मांस, अंगात तरुण रग.

अर्ध्या तासानं मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या. केजाबाईची काच पाहिली, मान हलवली. मग माझी पाहिली. मग परत माझी पाहिली. “रसायन बिघडलंय वाटतं,” त्या म्हणाल्या. नवं केलं. या वेळी त्यांनी स्वतःच्याही बोटाला टोचलं. तीन काचा ठेवल्या आणि आम्ही पुन्हा अर्धा तास बसलो. केजाबाई पायरीवर बसून मुलांचे पाढे ऐकत होती.

मॅडमच्या पेशी गोल होत्या. केजाबाईच्या वाकल्या होत्या. आणि माझ्याही.

त्यांनी मला स्वतः बघू दिलं. काचेखाली माझंच रक्त, आणि त्यात बारीक बारीक विळे. मॅडम माझ्याजवळ बसून बारीक आवाजात समजावत होत्या, “तुला काही होणार नाही. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. तिला दोघांकडून आलाय. तुला एकाकडून. तू निरोगीच आहेस.” पुढे नागपूरहून आलेल्या निकालानंही तेच सांगितलं. पण माझं ऐकणं तिथेच थांबलं होतं. एकाकडून. म्हणजे घरात आहे. आणि मला प्रकाश आठवला.

प्रकाश माझा धाकटा भाऊ. हातपाय धरून रडायचा, ताप यायचा, डोळे पिवळे व्हायचे. वातज्वर म्हणत. नऊ वर्षांचा असताना एका हिवाळ्यात तो गेला.

केजाबाईला मॅडमनी तिथेच सांगितलं की गोळ्यांनी रक्त वाढत नव्हतं, कारण रक्त कमी तयार होत नव्हतं, ते लवकर फुटत होतं. केजाबाईनं जरा विचार केला. मग म्हणाली, “माटी के कमी नइ हे, हंड़िया फूटत हे.” माती कमी नाही, मडकीच फुटतात. मॅडम पुढे कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना हा आजार याच वाक्यानं शिकवायच्या, आणि हे वाक्य कोणाचं तेही सांगायच्या.

आता खरा प्रश्न बाळंतपणाचा होता. अशा बाईला घरी बाळंत होऊ देणं धोक्याचं. मॅडमनी भिलाईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिची सोय लावली. आधी रक्त द्यावं लागणार होतं, आणि ते अशा माणसांचं, ज्यांच्या रक्तात विळे नाहीत. तिचा भाऊ आला, त्याची काच वाकडी. बिसाहूच्या पेशी गोल होत्या, पण गट जुळेना. मी देऊ शकत नव्हते.

मी घरी आले आणि बाबांना म्हणाले, “बाबा, एका बाईले रक्त पाहिजे.” कोणत्या बाईला, का, हे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर ते आपल्या खात्यातल्या सहा जणांना घेऊन सायकलींवर हॉस्पिटलात आले. एक केरळचा, एक बंगाली, एक आंध्राचा, बाकी इकडचे. कोळशाची पूड अजून भुवयांत होती. ज्या गावाचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं, तिथल्या बाईसाठी बाह्या वर करून बाकावर ओळीनं बसले. कारखान्याबद्दल लोक पुष्कळ बरंवाईट लिहितात. मला कारखाना म्हटलं की तो बाक आठवतो.

बाबांनी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. मी घरी अजून काही सांगितलेलं नव्हतं. मी त्यांच्या रक्ताची काच केली आणि अर्ध्या तासानं त्यांना म्हणाले, “बाबा, तुमचं चालत नाही.”

“कावून? मी काय म्हातारा झालो?”

मी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. त्यांचं, माझं, सगळं. ते भिंतीला टेकले. मग विचारलं, “प्रकाशले बी हेच होतं काय?”

“असंल बाबा. तुमच्याकडून एक, आईकडून एक.”

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग बाकावरच्या मित्रांजवळ जाऊन बसले आणि शेवटच्या माणसाचं रक्त घेऊन होईपर्यंत उठले नाहीत. घरी जाऊन त्यांनी आईला सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटत राहिली.

केजाबाईला मुलगी झाली. वजनानं लहान, पण रडायला दणकट. आईचा दोष तिच्यात एकेरी येणारच होता, तसा आला. आजार नव्हता. केजाबाईला पुढे दुसरं मूल झालं नाही, आणि तिनं ते होऊ दिलंही नाही. बिसाहूनं त्यावरून दुसरी बायको करावी असं त्याच्या भावकीनं सुचवलं. हा न बोलणारा माणूस तेव्हा म्हणे एवढंच बोलला, की एक आहे ती पुरे आहे.

आमचा अभ्यास छापून आला. गोळ्यांनी ज्यांचं रक्त वाढत नाही त्यांना दोष देण्याआधी ही तपासणी करावी, असं त्यात मॅडमनी ठामपणे लिहिलं होतं. आभाराच्या ओळीत माझं नाव होतं, स्पेलिंग चुकवून. केजाबाई तिथेही सत्तेचाळीसच होती.

माझ्या स्वतःच्या लग्नाचं थोडक्यात सांगते. भंडाऱ्याकडचं एक स्थळ ठरत आलं होतं. बाबा म्हणाले, “सांगाची काय गरज हाय? तुले तं काही दुखत नाही.” मी सांगितलं. त्यांनी नकार कळवला. नंतर दुर्गचे, रेल्वेत कारकून असलेले वामनराव बघायला आले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “मंग माहं बी पाहून घ्या ना.” आणि चहाचा कप खाली ठेवून बोट पुढे केलं. मला नवरा तिथेच पसंत पडला. त्यांच्या पेशी गोल होत्या. नसत्या तर काय केलं असतं, हा प्रश्न मी अजून स्वतःला नीट विचारलेला नाही.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा जुना मायक्रोस्कोप मला देऊन गेल्या. मग मरोद्यात आमच्या बुद्ध विहारात रविवारी मी बसू लागले. आमच्या समाजात आणि छत्तीसगढच्या कितीतरी जातींत हा दोष सारखाच पसरलेला. लग्नाआधी या, बोट दाखवा, म्हणून मी सांगत फिरायची. पहिली काही वर्षं कोणी येत नव्हतं. लोक पत्रिका आनंदानं दाखवतात, रक्त दाखवायला लाजतात. जी आली तीही बहुतेक केजाबाईनं पाठवलेली. ती गावोगावच्या बाजारांत आपली गोष्ट सांगायची. मला ज्या घरांत अंगणापलीकडे कोणी घेतलं नसतं, तिथे ती चुलीपर्यंत जायची. मी संस्था काढली असती, पत्रकं वाटली असती, तरी तिच्याएवढं काम झालं नसतं.

छत्तीसगढ वेगळं होण्याआधीची, मध्य प्रदेशातली शेवटची वर्षं असतील. एका सकाळी केजाबाई माझ्या घरी आली. आता केस पिकलेले, चालणं तसंच ताठ. सोबत तिची मुलगी, मुलीसाठी ठरवलेला तरुण आणि त्याचा काका. मुलाचं रक्त पाहिल्याशिवाय सुपारी फुटणार नाही, असं तिनं त्यांना निक्षून सांगितलं होतं. काका वैतागलेला होता. मी मुलाच्या बोटाला टोचलं, काच केली, कडा बंद केल्या आणि अर्धा तास थांबायला सांगितलं.

बाबा तोवर गेले होते, आई माझ्याकडेच राहायची. ती आतल्या दाराशी बसून तांदूळ निवडत होती. काकानं केजाबाईला विचारलं की हा आजार झालाच तर काय करतात. केजाबाई त्याला एकेक सांगू लागली. पाणी भरपूर प्यायचं. उन्हातान्हात राबायचं नाही. ताप आला की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि लहान मुलाला थंडीपासून, थंड पाण्यापासून जपायचं.

आईचे हात थांबले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “थंड्या पान्यानं होते काय?”

मी म्हणाले, “काय आई?”

“प्रकाश गेला ना, त्याच्या आदल्या दिवशी मीच त्याले नळाखाली बसवून आंघोळ घातली होती. थंडीचे दिवस होते. घासलेट सरलं होतं, पानी तापवलंच नाही. तो नाही नाही म्हनत होता.” ती तांदळाकडेच बघत होती. “तुह्या बाबाले बी नाही सांगितलं मी.”

हे मला माहीत नव्हतं. पंचवीसेक वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. लोकांनी काल काय खाल्लं ते मी खोदून खोदून विचारत फिरले, पण आईला कधी काही विचारलं नाही. आणि आता ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. थंडीनं हे दुखणं उसळू शकतं, हे मला ठाऊक होतं. त्या आंघोळीनं उसळलं की नाही, हे जगात कोणीच सांगू शकत नव्हतं. ‘नाही’ म्हणणं खोटं झालं असतं. ‘माहीत नाही’ म्हणणं खरं होतं, पण तेवढं खरं सांगायला माझी जीभ उचलेना.

केजाबाईला आमची मराठी बरीचशी कळायची. ती उठून आईपाशी जाऊन बसली, सूप बाजूला केलं आणि म्हणाली, “दाई, मैं तो जनम भर तरिया के जुड़ पानी म नहाय हंव. माघ-पूस म घलो. जीयत हंव न?”

मी जन्मभर तळ्याच्या थंड पाण्यात नाहिले, ऐन थंडीतसुद्धा. जगले ना?

मग ती पुढे म्हणाली, “मोर बहिनी घलो उही पानी म नहाय रिहिस. वो नइ बाचिस.” माझी बहीणही त्याच पाण्यात नाहली, ती वाचली नाही. “कोन जानही, दाई? तोर हाथ म नइ रिहिस.” कोणाला कळणार? तुझ्या हातात नव्हतं.

यात एक शब्द खोटा नव्हता. आईनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. प्रकाश गेला त्या दिवसानंतर आईला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. काका मान खाली घालून बसला. मुलगी आणि तो तरुण अंगणात गेले.

मला तिथे उभं राहवेना. अर्धा तास होऊन गेला होता. मी मायक्रोस्कोपवर वाकले, पण सगळं धूसर दिसत होतं. डोळे पुसले आणि परत पाहिलं. काच इकडून तिकडे सरकवून कोपऱ्याकोपऱ्यात पाहिलं. सगळ्या पेशी गोल होत्या.

“केजाबाई,” मी म्हणाले, “मुलगा चांगला आहे.”

केजाबाई आईच्या पाठीवरून हात फिरवत होती. तो हात न थांबवता, माझ्याकडे न वळता ती म्हणाली, “एक पइत अउ देख ले, नोनी.” आणखी एकदा बघ, पोरी.

मी दुसरी काच घेतली आणि मुलाला आत बोलावलं.